काँक्रीटचा ओटा घेताय? आधी सीलरचं बोला

काँक्रीटचा ओटा हवा म्हणून मोबाइलवर फोटो दाखवणाऱ्यांना मी हल्ली पहिला प्रश्न विचारते, "तुमच्याकडे आमसुलाचं सार किती वेळा होतं?" लोक हसतात. मी मात्र गंभीरपणे विचारत असते.

त्या फोटोंमध्ये राखाडी, मॅट, गुळगुळीत ओटा असतो आणि त्यावर हटकून लिंबांनी भरलेला एक बोल. नेमकं लिंबूच या ओट्याचा वैरी! सिमेंट घट्ट झाल्यावरही त्यात चुन्याचा अंश राहतो. लिंबू, चिंच, आगळ, व्हिनेगर, टोमॅटो, आंबट ताक यातलं काही सांडून राहिलं की तो चुना आम्लात विरघळतो, वरचा गुळगुळीत थर खाल्ला जातो आणि तिथे फिकट, खरखरीत ठिपका उरतो. तो डाग नसून झीज असते, त्यामुळे घासून जात नाही. उलट घासाल तितकी वाढते.

हळदीची तऱ्हा आणखी निराळी. हळद आणि चुना एकत्र आले की लाल रंग येतो, कुंकू पूर्वी याच गुणावर बनायचं. सीलर, म्हणजे डाग-पाणी अडवायला काँक्रीटवर लावतात तो लेप, नसलेल्या नव्या काँक्रीटवर वरण सांडून रात्रभर राहिलं, तर सकाळी पिवळ्याऐवजी तांबूस खूण दिसली तरी नवल नाही. तेल तर सरळ आत मुरतं आणि काळपट ढग ठेवून जातं.

हे सगळं ऐकून "म्हणजे घेऊच नये का?" असं लगेच विचारलं जातं. तसं नाही. मला स्वतःला काँक्रीट आवडतं. जुन्या घरांतला नीट घोटलेला कोबा ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. पण ओट्यावर रोजचा मार खातो तो काँक्रीटवरचा सीलर. काँक्रीट वजन आणि रूप देतं, बाकीचा संसार सीलर सांभाळतो. तरी लोक तासभर राखाडीच्या छटा निवडतात आणि सीलरचं नावही विचारत नाहीत.

सीलर ढोबळमानाने दोन जातींचे. एक आत मुरणारा, सिलेन-सिलोक्सेनवाला. त्याने काँक्रीटचं मूळ रूप टिकतं, पाणी आत जात नाही, पण लिंबाला तो फारसा अडवत नाही. दुसरा वर थर धरणारा, म्हणजे इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन). हा हळद आणि आम्ल बऱ्यापैकी रोखतो, पण चरे दिसतात आणि गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली की थर पांढरा पडतो किंवा फुगतो. काँक्रीट उष्णता सोसतं, सीलरला ती सोसत नाही. शिवाय इपॉक्सी उन्हाने पिवळा होत जातो, म्हणून खिडकीखालच्या ओट्याला मी तो लावू देत नाही. आपल्या रोजच्या स्वयंपाकाला चांगला पीयू बरा, असं माझं मत. मॅट घ्या, चकचकीत घेतला तर मग ग्रॅनाइटनेच काय घोडं मारलं होतं?

ठेकेदाराला विचारा: सीलर कोणता, किती हात मारणार, अन्नाचा स्पर्श चालतो का, आणि तो उडाला की पुन्हा कोण करून देणार. "मॅडम, एकदम वॉटरप्रूफ आहे" हे यातल्या कशाचंच उत्तर नाही. त्याच्याकडून त्याच मिश्रणाचा आणि त्याच सीलरचा एक फुटाचा तुकडा मागून घ्या. घरी आणून त्यावर ओली हळद, अर्धं लिंबू पालथं, चिंचेचा कोळ आणि थोडं खोबरेल असं रात्रभर राहू द्या. सकाळी पुसून त्यावरच तापलेला तवा ठेवा. जे दिसेल ते मान्य असेल तर ऑर्डर द्या. तुकडा द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून ओटा घेऊ नये.

आता वजन. दोन इंच जाडीचं काँक्रीट चौरस फुटाला साधारण ११ किलो भरतं. दहा फूट बाय दोन फुटांचा ओटा म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास. तेवढ्याच मापाचा १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट ९० किलोंच्या घरात. कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ओटा असेल तर ठीक, पण नुसत्या प्लायच्या ट्रॉल्यांवर हे ओझं टाकू नका. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. एवढ्या पातळ काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी टाकली तर तिच्यावर पुरेसं आवरण राहत नाही, ती गंजते आणि फुगून काँक्रीट फोडते. तिथे काचतंतू घातलेलं, जीएफआरसी म्हणतात ते, उत्तम. ते पातळ आणि हलकंही करता येतं.

स्लॅब छान टाकणारा मिस्त्री ओटाही छान टाकेल, यावर भरवसा ठेवू नका. स्लॅबच्या खालच्या बाजूला गिलावा बसतो, ओट्याचा पृष्ठभाग उघडाच राहणार असतो. मिश्रण पटकन पसरावं म्हणून पाणी वाढवलं की पुढे तडे आलेच, आणि ते बहुधा सिंक आणि हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) खाचांच्या कोपऱ्यांतून निघतात. केसाएवढी रेघ आली तर घाबरू नका, ती काँक्रीटची जातच आहे. नख अडकेल एवढी फट मात्र चालवून घेऊ नका. ओलं गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारायचं, आणि साधारण २८ दिवस झाल्यावर, नीट सुकल्यावरच सीलर. वास्तुशांतीची तारीख ठरलीय म्हणून घाई केली की आतली ओल थराखाली अडकते आणि पांढरे ढग उठतात.

आणि हो, घासाई पाणी सोडूनच करायला लावा. कोरडी धूळ सिलिकाची असते, कारागिराच्या फुप्फुसात जाऊन बसते. क्वार्ट्झचे कृत्रिम दगडी ओटे कापणाऱ्या कारागिरांना याच धुळीने आजार झाले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो कृत्रिम दगड बंदच केला. आपल्याकडे साध्या मास्कचीही वानवा.

एक गंमत सांगते. आपल्या आज्यांचा काळा कडाप्पा हाही चुनखडीचाच दगड. त्यावरही लिंबाच्या, चिंचेच्या खुणा उठायच्या. आज्या मधूनमधून तेलाचा हात फिरवायच्या आणि ओटा खराब झाला असं कुणी म्हणायचं नाही. ग्रॅनाइटने आपल्याला लाडावून ठेवलंय. दहा वर्षांनीही ओटा कालच बसवल्यासारखा दिसला पाहिजे असा हट्ट असेल, तर काँक्रीटच्या वाटेला जाऊ नका. राखाडी पोर्सेलिनचा स्लॅब घ्या, दिसेल तसंच आणि जीव शांत राहील. भाड्याच्या घरात तर विचारही नको. "ग्रॅनाइटपेक्षा स्वस्त पडेल ना?" याचं उत्तर नाही असंच आहे. सिमेंट आणि खडी स्वस्त असते, ती घोटणारा हात महाग असतो.

ज्यांच्याकडे हा ओटा आधीच आहे त्यांच्यासाठी: सांडलं की लगेच पुसा. भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरे. तारेची घासणी, ब्लीच, "घरगुती उपाय" म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू-सोडा यातलं काहीही नको. गरम भांड्याखाली अडणी, चिरताना पाट. नारळ ओट्याच्या कडेवर आपटणाऱ्या पाहुण्यांना प्रेमाने बाजूला घ्या. मधूनमधून ओट्यावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. ते मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक, काही मिनिटांत खालचं काँक्रीट काळवंडलं तर सीलर उडालाय. मुरणारा सीलर घरच्या घरी पुन्हा लावता येतो, पीयूला मात्र माणूस बोलवा. तिथेच ठिगळ मारायला गेलात तर ठिगळच दिसेल. हळदीचा डाग राहिला असेल तर घासत बसू नका. ऊन येत असेल तर पडदा उघडा ठेवा, तो आपोआप फिका होतो.

कुणाकडे पाच-सात वर्षं रोज वापरातला काँक्रीटचा ओटा असेल तर खाली फोटो टाका. पुसून, फुलदाणी ठेवून काढलेला नको. सकाळी डबे भरून झाल्यावरचा टाका.