'चार भिंतींत काय ते करा' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

कंपनीत मी गे आहे हे सांगून टाकल्यावर काय काय बदललं, यावरच्या माझ्या लेखावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनी कामासाठी असते, ऑफिसात घर आणू नका, आमच्यासारख्यांबद्दलच्या संवेदनशीलतेच्या सत्राला सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना सक्तीने बोलावलं जातं, माझ्यासारखे उघडपणे वावरायला लागल्यापासून नवीन पोरं चार शब्द बोलायला बिचकतात, २०१८ मध्ये कोर्टाने सगळं दिलं, आता आणखी काय हवं, कंपन्यांचा हा निव्वळ दिखावा आहे. आणि मग हे वाक्य: "हे लोक घराच्या चार भिंतींत काय करतात ते कोणी विचारायला जात नाही, मग ते चव्हाट्यावर आणायची हौस कशाला?"

लेखाखाली माझं नाव आहे, तुम्ही लिहिलंय ते मला, तरी मी तुमच्यासाठी 'हे लोक'. त्यावर 'हौस'. आणि शेवटी "वडीलकीच्या नात्याने सांगतो". तुम्ही स्वतःचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. निनावी माणसाची वडीलकी मी मानत नाही. मतभेद असू देत, ते माझ्या आईचेही आहेत. पण ती माझ्याशी बोलते, माझ्याबद्दल नाही.

एक गोष्ट मान्य. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना सक्तीने बोलावून घेतलेलं ते संवेदनशीलतेचं सत्र मलाही नको होतं. ते कामाच्या वेळात व्हायला हवं. इथे तुमचं बरोबर आहे.

चार भिंतींचं वाक्य मात्र मी सोडणार नाही.

प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस तुम्हाला माहीत आहेत का? अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, स्वतः कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये ते स्वतःच्या राहत्या घरात होते. तुम्ही सांगता तसे, चार भिंतींत. कॅमेरा घेऊन माणसं आत घुसली आणि त्यांनी चित्रण केलं. विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून सिरसांनाच निलंबित केलं, क्वार्टर सोडायला लावलं. प्रौढांनी संमतीने, खासगीत ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच सांगितलेलं होतं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला काही महिने उरले होते. या माणसाने चव्हाट्यावर काय आणलं होतं, सांगा मला. कोणी विचारायला जात नाही म्हणता? थेट घरात शिरले, आणि नोकरीवर गदा आली ती त्यांच्याच.

आता 'ऑफिसात घर आणू नका' याबद्दल. आमच्या भोसरीच्या कारखान्यात दरवर्षी सत्यनारायण असतो आणि पूजेला जोडपं बसतं. खंडेनवमीला सगळ्यांच्या घरची मंडळी येतात, मशीनला हार घालतात, मुलं फोर्कलिफ्टवर बसून फोटो काढून घेतात. कँटीनमध्ये डबा उघडला की "आज वहिनींनी काय दिलंय?" हा पहिला प्रश्न. मेडिक्लेमच्या फॉर्मवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख. लग्नाच्या पत्रिका, बारशाचे पेढे. यातलं काहीच तुम्हाला चव्हाट्यावरचं वाटत नाही, आणि वाटूही नये. मला हे सगळं आवडतं. मी फक्त त्यात बसू पाहतोय.

आधीच्या कंपनीत माझा जोडीदार माझा 'रूममेट' होता. त्याला डेंगी झाला, प्लेटलेट्स झपाट्याने उतरल्या, दवाखान्यात भरती करावं लागलं. मी रजा मागितली तर साहेब म्हणाले, रूममेटसाठी कसली रजा, त्याच्या घरच्यांना बोलाव. त्याच्या घरचा मीच होतो. हे तोंडातून निघालं नाही. दुसरी पाळी पूर्ण केली आणि मध्यरात्री दवाखाना गाठला. तुम्ही याला हौस म्हणता. हा शब्द वापरताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?

इथे, या कंपनीत, मी सांगितलं तेव्हा टूलरूममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जरा वेळाने विचारलं, "मग त्याला आम्ही हाक काय मारायची?" मी म्हटलं, नावाने मारा. पुढे त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनीच आधी चौकशी केली. सहकाऱ्यांनी समजून घ्यावं असं मी लिहिलं, ते एवढंच.

आणि कोर्टाने 'सगळं' दिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने देशभरात आम्ही गुन्हेगार उरलो नाही. नोकरीत भेदभाव करू नये असं तृतीयपंथीयांसाठी २०१९ च्या कायद्यात लिहिलंय. खासगी कंपनीतल्या गे माणसासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्कही नाकारला गेला. त्यामुळे मेडिक्लेममध्ये जोडीदाराचं नाव घालायचं की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. ती मर्जी वळवायला कोणीतरी तोंड उघडावंच लागतं.

नवीन पोरं कुठले चार शब्द बोलायला बिचकतात ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही अंदाज करत बसत नाही. दिखाव्याचं कंपन्यांना विचारा.

पुन्हा लिहिणार असाल तर नावानिशी लिहा. आणि आधी सिरसांबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा. त्याशिवाय तुमची पुढची प्रतिक्रिया मी इथे घेणार नाही.