फोर-व्हील आणि डांबरी रस्ता: माझ्याच मेसेजचा खुलासा

'जुन्या जीपचा फोर-व्हील जाम होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून फेरी मारा' हा फिरणारा मेसेज मूळ माझाच. (फोर-व्हील टाकणं म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणं.) त्यातला डांबरी रस्ता चुकीचा आहे.

सीजे-३बी, एमएम ५४०, जिप्सी या गाड्यांना मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, नाही. फोर-व्हील टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर घसरून तो फरक भरून काढतो. कोरड्या डांबरावर तो घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर, क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) आणि ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीच्या, गिअरांवर येतो. माझंही तेच झालं: स्टिअरिंग जड, आणि फोर-व्हीलचा लिव्हर निघेना! थोडी रिव्हर्स घेतल्यावर सुटला.

फोर-व्हीलचा गिअर अधूनमधून फिरवायला हवाच, ते खरं. पण मातीच्या रस्त्यावर, शक्यतो सरळ. गाडीला हब लॉक (पुढची चाकं अॅक्सलला जोडणारे खटके) बसवलेले असतील तर आधी दोन्ही बाजूंचे लावा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल तिथे हा टाका.