माझ्या साक्षीचा अर्धाच ऑडिओ फिरतोय

‘यवतमाळकडच्या बाईनं टीबीच्या गोळ्या सोडल्या, मसीहानं बरं केलं, ज्याचं दुखणं जात नाही त्याचं पाप आडवं येतं’ असं लिहून एक ऑडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. आवाज माझाच आहे. पण मी गोळ्या सोडल्या नाहीत. चौथा महिना सुरू आहे. आज सकाळीही घेतल्या, पाकीट चुलीजवळच्या फळीवर आहे.

प्रार्थनेत साक्ष देताना, म्हणजे देवानं मला कसं सांभाळलं ते सांगताना, मी म्हटलं होतं, ‘आता गोळ्यांची भीती सोडली.’ त्यातला ‘भीती’ शब्दच कापला गेला. मुद्दाम की चुकून, देव जाणे.

पापाचं तर मी बोललेच नाही. बायबलात योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांधाबद्दल हेच विचारतात. येशू सांगतो, पाप ना याचं, ना आईबापाचं. प्रेषित पौलानं 3 वेळा प्रभूला विनवलं, तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळालं. कापूस वेचायच्या दिवसांत खाटेवर पडल्यापडल्या मला त्याच उत्तरानं धीर दिला. खोकला मात्र गोळ्यांनीच कमी झाला.

साधा टीबी असला तरी उपचार निदान 6 महिने चालतो. मधेच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात.

तो ऑडिओ पुढं पाठवू नका जी. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.