कणसाचा पाइप उकळू नका, आणि ब्लीचची बाटली आधी होती तिथे ठेवा

परवा रात्री मामांचा फोन. "अरे, व्हिनेगर पांढरंच लागतं का कुठलंही चालतं?" मला वाटलं खिडक्यांच्या काचा पुसतायत. विचारलं तर म्हणाले, तंबाखू ओढायचा पाइप स्वच्छ करायचाय, मक्याच्या कणसाच्या गाभ्याचा. निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता, 'मक्याच्या कणसाचा पाइप आयुष्यभर टिकवण्याची सात गुपितं'. पहिली दोन त्यांनी आदल्या दिवशीच उरकली होती. तिसऱ्यासाठी मला फोन.

तो फॉरवर्ड आता माझ्याकडेही तीन ठिकाणांहून आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. सात गुपितं अशी: दर रविवारी पाइप दहा मिनिटं उकळा; मीठ आणि स्पिरिट भरून रात्रभर ठेवा; ब्लीच आणि व्हिनेगर निम्मं निम्मं भरा; आतून मध चोपडा; आतला काळा थर कधीच काढू नका; मायक्रोवेव्हमध्ये वाळवा; आणि असा स्वच्छ केलेला पाइप 'नैसर्गिक' असल्यामुळे त्याचा धूर अपायकारक नसतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. बाकीच्यांमध्ये निदान पाइपच जातो.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. व्हिनेगर म्हणजे आम्ल. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हा तोच वायू, जो जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. पाइपच्या बाऊलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, मावणाऱ्या दोन-चार चमच्यांत खंदकाएवढा वायू निघणार नाही, मान्य. पण फॉरवर्डमधलं पुढचं वाक्य वाचा: 'फेस येऊ लागला की नळीतून हलकेच फुंकर मारा, म्हणजे कोपऱ्यातली घाण निघेल.' म्हणजे क्लोरीन जिथे तयार होतोय त्या भांड्याला तोंड लावायचं, आणि फुंकून झालं की पुढचा श्वास तिथेच घ्यायचा! हे लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी करून पाहिलं असतं तर पुढची चार गुपितं लिहायला तो बसला नसता. मामांना दम्याचा जुना त्रास आहे. त्यांनी पाइप हातात धरून, चष्मा कपाळावर चढवून हे केलं असतं, हे मला डोळ्यांसमोर दिसतंय.

समजा व्हिनेगर वगळलं आणि नुसतं ब्लीच वापरलं, तरी चालत नाही. चिनी मातीचा कप ब्लीचने धुता येतो, कारण ते कपात मुरत नाही आणि पाण्याने निघून जातं. कणसाचा गाभा सच्छिद्र असतो. त्यात गेलेलं ब्लीच काढायचं तर भरपूर पाणी लागणार, आणि भरपूर पाणी लावलं की पाइपच संपला. म्हणजे ते आतच राहणार. मग त्याच भिंतींना टेकून तंबाखू पेटवायची आणि तिथून येणारी हवा ओढायची. कोणाला हवंय हे?

आता पाण्याचं. हा पाइप कसा बनतो ते माहीत असतं तर उकळण्याची गोष्ट कोणी काढलीच नसती. अमेरिकेत मिझुरी नदीच्या काठी वॉशिंग्टन नावाचं गाव आहे (राजधानी नव्हे, मिझुरी राज्यातलं छोटं गाव). तिथे हेन्री टिबी नावाचा हॉलंडहून आलेला लाकूड-कातारी होता. एका शेतकऱ्याने त्याच्याकडून कणसाचा पाइप कातून घेतला आणि तिथून धंदा सुरू झाला, असं सांगतात. वर्ष १८६९. कणसाच्या अंगावर दाण्यांच्या जागी खड्डे राहतात. ते प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरून घासून गुळगुळीत करायची युक्ती त्याने काढली आणि १८७८मध्ये तिचं पेटंट घेतलं. मिझुरी मीअरशॉम ही कंपनी त्यातूनच उभी राहिली आणि आजही त्याच गावात पाइप बनवते. पाइपसाठी जाड गाभ्याचं खास वाण लावतात आणि कणसं कातायच्या आधी दीर्घकाळ वाळवत ठेवतात.

एवढी खटपट ओलावा घालवण्यासाठी. आणि आपण तो दर रविवारी उकळत्या पाण्यात बुडवायचा. गाभा पाणी पिऊन फुगतो, वरचं प्लॅस्टर भुसभुशीत होतं, लाकडी दांडी जिथे गाभ्यात बसवलेली असते तिथला सांधा सैल पडतो. प्लॅस्टिकची स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, वाकते ती वेगळीच. मामांनी मला फोटो पाठवला: बाऊलच्या कडेला बोटाने दाबलं की खळगा पडतोय, आणि दांडी एका बाजूला मान टाकल्यासारखी कललेली. "वाळला की होईल ना सरळ?" नाही, मामा.

फक्त स्टेम वेगळी काढून कोमट पाण्याने आणि साबणाने धुवायला हरकत नाही. पण पाइप पूर्ण थंड झाल्यावरच ती काढा. गरम असताना पिळली की दांडी सैल होते, नाहीतर तुटते.

मीठ-स्पिरिटचं गुपित अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते जास्त चिडवतं. ब्रायरच्या, म्हणजे त्या कठीण लाकडी गाठीच्या पाइपसाठी हा उपाय कित्येक जण करतात. स्पिरिट जुना डांबरट चिकटा सैल करतं, मीठ तो शोषून घेतं, सकाळी मीठ तपकिरी झालेलं दिसतं. ब्रायर हे सहन करतो. कणसाचा गाभा मात्र मीठ आणि स्पिरिट दोन्ही पोटात ठेवतो. त्यापेक्षा पाइप क्लीनरला, म्हणजे नळी साफ करायच्या केसाळ तारेला, शुद्ध अल्कोहोलचे दोन थेंब लावून फक्त दांडीच्या नळीतून फिरवा, मग कोरडा क्लीनर फिरवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत काडी पेटवू नका. रंगकामाचं स्पिरिट नको. त्यात मिथेनॉल मिसळलेलं असू शकतं आणि ते विषारी असतं. मामांनी नेमकं तेच वापरलं होतं.

मधाबद्दल फार लिहीत नाही. नवा पाइप मुरवायला, म्हणजे ओढण्याजोगा करायला, आतून मध लावायची ब्रायरवाल्यांची ही जुनी हौस आहे. कणसाच्या पाइपला मुरवायची तशी गरजच नसते, पहिल्या दिवसापासून ओढता येतो. मध जळून कडवट लागेल आणि उरलेल्याला मुंग्या येतील, बस.

काळ्या थराबद्दल मात्र कुरकुरत का होईना, मान डोलवतो. आतून धरलेला पातळ कार्बन खरवडून टाकायची गरज नसते. 'कधीच काढू नका' हे मात्र चूक. थर चढत गेला की बाऊल अरुंद होतो आणि शिळा, आंबूस वास धरतो. पाइप जेमतेम कोमट असताना कागदी रुमालाची घट्ट वळी करून आत दोन-चार वेळा फिरवली की पुरतं. सुरी घालू नका. गाभा मऊ असतो, पातं भिंतीत घुसतं, आणि ज्या पाइपच्या तळाला लाकडी बूच नसतं तिथे तळालाच भोक पडतं. अजून एक, जे त्या फॉरवर्डमध्ये नाही: बऱ्याच कणसाच्या पाइपमध्ये दांडीचं टोक बाऊलच्या आत थोडं डोकावतं. सुरुवातीला तेही जळतं आणि जळक्या लाकडाची चव येते. लोक ती घाण समजून टोकरत बसतात. त्याला हात लावू नका, काही दिवसांत चव आपोआप जाते.

मायक्रोवेव्ह: काही पाइपच्या दांडीवर धातूचं कडं असतं. आत ठिणग्या बघायच्या असतील तर जरूर ठेवा.

राहिलं सातवं, आणि हेच गुपित मामींना पटलं होतं. 'कणीस नैसर्गिक, म्हणून धूर निरुपद्रवी.' अहो, तंबाखूही शेतातच उगवते. पाइपची भिंत मक्याची असो नाहीतर सोन्याची, आत जळतं ते तंबाखूचं पान. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या मुख्य डॉक्टरचा, धूम्रपानावरचा पहिला मोठा अहवाल ११ जानेवारी १९६४ला आला. पाइप ओढणं आणि ओठाचा कर्करोग यांच्यात कारण-परिणामाचं नातं दिसतं, हे त्यात तेव्हाच नोंदवलंय. आता कोणीतरी त्याच अहवालातलं दुसरं वाक्य तोंडावर फेकेल, म्हणून मीच सांगतो: पाइप ओढणाऱ्यांचा एकूण मृत्युदर न ओढणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त नाही, असंही त्यात आहे. ते १९६४ साल होतं. पुढे तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगांशीही पाइपचा संबंध जोडला गेला. पाइप धुतल्याने यातलं काहीही बदलत नाही. सफाई चवीसाठी आणि वस्तू टिकावी म्हणून करायची असते. ओढायचं की नाही हा मामांचा प्रश्न आहे, त्यावर आमचं भांडण वेगळं चालू आहे.

काल पुन्हा फोन आला. उकळलेला पाइप दोन दिवस पंख्याखाली ठेवला होता, आता बाऊलला उभी चीर गेलीय. वापरू का? नाही. बाऊल टाकून द्या. स्टेम वाकली नसेल तर जपून ठेवा, त्याच मापाच्या दुसऱ्या पाइपला बसेल. आणि ओढून झाल्यावर क्लीनर फिरवून, राख हलकेच पाडून (टेबलावर आपटून नव्हे), निदान एक दिवस तो तसाच कोरडा पडू द्या. मामा म्हणाले, "एवढंच? मग सात गुपितं कशाला लिहिली त्याने?"