गोचिडी कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

पावसाळा आला की कुत्री पाळणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: "गोचिडींवर घरगुती उपाय सांगा." खाली उत्तरांचा पाऊस. कडुनिंब, खोबरेल, कापूर, व्हिनेगर, लसूण, हळद, डांबरगोळ्या, कुणी तर चक्क रॉकेल. यातलं थोडं कामाचं आहे, बरंचसं कुचकामी आहे आणि चार-पाच गोष्टी कुत्र्याच्या जिवावर उठणाऱ्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरगुती उपाय करायचे ते भिंतीवर, फरशीवर आणि कुत्र्याच्या अंथरुणावर करा. अंगावर जे चिकटलंय त्याला चिमटा आणि डॉक्टरांचं औषध.

असं का, ते गोचिडीच्या जगण्यावरून कळतं. आपल्याकडे घरच्या कुत्र्यांवर सापडते ती बहुतेक वेळा तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. ही आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू मोहरीहून बारीक असतं. ते तीन-चार दिवस रक्त पितं, खाली पडतं, फटीत जाऊन कात टाकतं. मग आठ पायांचं होऊन पुन्हा चढतं, पुन्हा पिऊन उतरतं. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढलेली मादी आठवडाभर पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगते. (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच गोचीड!) मग ती उतरते, फट शोधते, दोन-चार हजार अंडी घालते आणि मरते.

म्हणजे कुत्र्याच्या अंगावर तिचा मुक्काम सगळा मिळून दोन-तीन आठवड्यांचा. बाकी आयुष्य तुमच्या घरात. तिला जंगल लागत नाही, गवत लागत नाही, पाचव्या मजल्यावरचा फ्लॅटही चालतो. मोठी गोचीड उपाशीपोटी वर्षभरही फटीत दबा धरून बसू शकते. आज अंगावर दहा दिसल्या तर घरात किती असतील, हिशोब तुम्हीच करा.

आधी अंगावरच्या काढायच्या कशा ते बघू. केसांच्या उलट्या दिशेने बोटं फिरवत शोधायचं. कानाच्या आत आणि कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यात. बेचक्यातली हमखास सुटते. कुत्रा पंजा सारखा चाटत असेल तर आधी तिथे बघा. बोटाला गाठ लागली की ओढायची घाई नको, केस बाजूला करून मुळाशी बघा. पाय दिसले तर गोचीड. नाही दिसले तर चामखीळ असेल, नाहीतर स्तनाग्र. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात आणि गोचीड समजून ती चिमट्याने ओढणारे लोक आहेत.

चिमटा टोकदार हवा. भुवया कोरायचा रुंद तोंडाचा चिमटा गोचिडीचं फुगलेलं पोट दाबतो आणि आतला ऐवज उलटा जखमेत जातो. टोक कातडीला टेकवून तोंडाजवळ पकडायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. झटका नाही, पिळणं नाही. दोन-चार सेकंद कातडी तंबूसारखी वर येते, मग ती सुटते. तोंडाचा काळा ठिपका आत राहिलाच तर सुईने कोरत बसू नका. शरीर तो काही दिवसांत बाहेर टाकतं. कोरलं की पू होतो. जागा पोव्हिडोन आयोडीनने पुसा. काढलेली गोचीड सॅनिटायझर किंवा स्पिरिट घातलेल्या झाकणाच्या बाटलीत टाका. साध्या पाण्यात ती मरत नाही, संडासात टाकली तरी तगून राहू शकते. नखावर चिरडायची जुनी खोड मात्र सोडा. तपकिरी गोचिडीतून माणसालाही टिक टायफस हा ताप होतो आणि चिरडलेल्या गोचिडीचं रक्त नखाजवळच्या भेगेत जायला कितीसा वेळ?

चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी हे सगळं बंद. "गुदमरून सुटते" हा गैरसमज आहे. गोचीड तासाभरात मोजकेच श्वास घेते, तिला गुदमरवायचं तर तासन् तास जातील. तोवर ती बिथरून जास्त लाळ सोडते आणि रोगाचे जंतू असतात ते त्या लाळेतच.

आता कडुनिंब. सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर आणि सगळ्यात जास्त घोटाळाही इथेच. पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घातली की गोचिडी मरतात असं सर्रास सांगतात. मरत नाहीत. कडुनिंबातला कामाचा घटक आझाडिरॅक्टिन मुख्यतः निंबोळीच्या गरात असतो, पाल्यात फार कमी, आणि उष्णतेने तो मोडतो. पाल्याच्या काढ्याने खाज जरा शमते, एवढाच फायदा. त्यासाठी दोन मुठी पाला दोन लिटर पाण्यात उकळून, गार करून शेवटची धार म्हणून अंगावर ओतायला हरकत नाही.

करायचंच असेल तर घाण्याचं निंबोळी तेल घ्या. प्रमाण: कोमट पाणी १ लिटर, तेल १० मिली, कुत्र्यांचा सौम्य शाम्पू ५ मिली. क्रम महत्त्वाचा. आधी तेल आणि शाम्पू वाटीत घोटायचं, पांढुरकं दाट झालं की त्यात थोडं थोडं पाणी. उलटं केलं, म्हणजे पाण्यात तेल ओतलं, तर तेल वर तरंगतं. मग पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी आणि शेवटच्या फवाऱ्यात निव्वळ तेल येतं. त्यानेच कातडी लाल होते आणि नाव कडुनिंबाचं खराब होतं. आधी मांडीच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. लाली आली नाही तर फिरायला निघण्याआधी पायांवर आणि पोटाखाली फवारा. डोळे, तोंड, कानाचं आतलं अंग वगळून. वाळेपर्यंत चाटू देऊ नका, लाळ गळते, उलटी होते. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, उद्या त्यात दम राहत नाही. लहान पिल्लं, गाभण कुत्री आणि घरातली मांजर यांच्यापासून दूर. एवढं करून मिळतं काय, तर एखाद-दोन दिवस नव्या गोचिडी कमी चढतात. चढून चिकटलेली याने सुटत नाही.

खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवला तर केस विंचरायला सोपे जातात आणि गोचिडी लवकर दिसतात. मला त्याचा एवढाच उपयोग मान्य आहे. व्हिनेगर निम्मं पाणी घालून फवारलं तर फार तर वास असेपर्यंत थोडंफार काम करतं, पण खाजवून सोललेल्या कातडीवर भयंकर झोंबतं. आंघोळीने गोचिडी बुडून मरत नाहीत, कितीही घासा.

आता ज्यावर मी वाद घालणार नाही अशा गोष्टी. कापूर घातलेलं खोबरेल हा आपल्याकडचा लाडका उपाय. कापूर कातडीतून शोषला जातो, चाटल्यावर पोटात जातो आणि कुत्र्याला झटके येऊ शकतात. डांबरगोळ्या अंथरुणाखाली ठेवणं तसंच विषारी. तंबाखूच्या पाण्यात निकोटीन असतं. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवर कुत्रा बसला की तेच पोटाला लागतं, पंजे चाटले की आत जातं. टी ट्री ऑइल "नॅचरल" म्हणून विकलं जातं, त्याच्या निव्वळ तेलाचे थोडे थेंबही लहान कुत्र्याला पुरे होतात. लसूण खाऊ घालणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं: लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. गोचिडीतून येणारा बबेसिया हा जंतूही नेमकं तेच करतो.

गुरांच्या औषधाची बाटली आणून झाकणाच्या मापाने बादलीत ओतणं हा गावाकडचा घरगुती उपाय. डेल्टामेथ्रिन काय किंवा अमित्राझ काय, दोन्ही कामाची औषधं आहेत, पण पाण्याचं प्रमाण कुत्र्याचं वजन आणि वय बघून डॉक्टरांनी सांगायचं असतं. डेल्टामेथ्रिनने मांजर दगावू शकतं. गोचिडींसाठी देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कॉली जातीच्या कुत्र्यांना जीवघेणं ठरू शकतं.

आता घर, म्हणजे खरी लढाई. रक्त पिऊन उतरलेली गोचीड खाली राहत नाही, वर चढते. म्हणून फरशी लख्ख पुसूनही पडद्याच्या चुण्या, दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा, भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू, स्विचबोर्डची कड आणि छताचा कोन इथे त्या सापडतात. कोकणातल्या चिऱ्याच्या गिलावा नसलेल्या भिंती म्हणजे तर त्यांची चाळच. रात्री टॉर्च तिरपा धरून भिंत बघा, सावलीमुळे पटकन दिसतात. रुंद चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून टिपायच्या आणि पट्टी दुमडून टाकायची. झाडूने झाडल्या तर उडून दुसऱ्या फटीत जातात. झाडायचंच असेल तर केर लगेच साबणाच्या उकळत्या पाण्यात.

अंथरुणाचं गोणपाट सरळ फेकून द्या, त्याच्या विणीत अंडी राहतात. त्याऐवजी पातळ सुती चादर, दर पाच दिवसांनी उकळत्या पाण्यात. गार पाण्याच्या धुण्याने फक्त मळ जातो. अंगण, बाल्कनीच्या फरशीचे सांधे आणि पिंजऱ्याचे कोपरे इथे किटलीने उकळतं पाणी सावकाश ओता, कुत्रा आणि मुलं लांब ठेवून. स्विचबोर्डजवळ पाणी अर्थातच नको. मग फटी वाळल्या की व्हाइट सिमेंट किंवा पुट्टीने बुजवा. दोनशे-तीनशे रुपयांची पुट्टी वर्षभराच्या फवाऱ्यांपेक्षा जास्त काम करते. आतल्या गोचिडी कोंडल्या जातात आणि नव्यांना अंडी घालायला जागा उरत नाही.

बहुतेकांचं बिनसतं ते वेळेत. एकदा कंबर कसून सफाई केली, आठवडाभर एकही दिसली नाही, की सोडून देतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिंतीवर बारीक तपकिरी धूळ सरकताना दिसते. आधी घातलेली अंडी तेव्हा फुटलेली असतात. दर पाच-सहा दिवसांनी, सलग १२ आठवडे, एवढं धरून चला. आणि त्याच काळात कुत्र्यावर डॉक्टरांचं औषध चालू हवं, म्हणजे भिंतीतून चढलेली प्रत्येक गोचीड त्याच्या अंगावर मरते. औषध घातलेला कुत्रा हाच सगळ्यात चांगला सापळा. मानेवर सोडायचं फिप्रोनिलचं औषध असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको, कारण ते कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं आणि शाम्पू ते तेलच धुऊन टाकतो. "औषध लागू पडत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा ही आंघोळच असते. चघळायच्या गोळ्या महिनाभर किंवा तीन महिने चालतात. कुत्र्याला फिट येत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी या बाजूला जंगलात फिरून येणारे कुत्रे असतील तर अजून एक गोष्ट. माकडताप हा माणसाला होणारा विषाणूचा ताप पसरवणारी जंगलातली गोचीड वेगळी आणि ती कुत्र्याबरोबर घरी येऊ शकते. तिथे हातमोज्याशिवाय गोचीड काढू नका.

गोचिडी काढल्यावर पुढचे तीन आठवडे कुत्र्यावर नजर ठेवा. जेवण सोडणं, ताप, हिरड्या पांढुरक्या पडणं, नाकातून रक्त, कोऱ्या चहासारखी लघवी. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी रक्त तपासा, प्लेटलेट्ससकट. पपईच्या पानांचा रस पाजत दोन दिवस वाट बघू नका, तो जंतूंना मारत नाही. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूसाठी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत जेवायला लागतो आणि गोळ्या नेमक्या तेव्हाच बंद होतात. गोळी जेवणासोबत द्या, रिकाम्या पोटी उलटून पडते. आणि फ्रिजच्या दारावर २८ चौकोन आखून रोज एक खोडा.