फोटो भारी शे, पन मांगे काय शे?

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप मास्तरच्या ताब्यात आहे. मास्तर म्हणजे आमच्याच वर्गातला, पुढे खरोखरचा मास्तर झालेला, आणि निवृत्तीनंतर हाताखाली वर्ग उरला नाही म्हणून ग्रुपचा अॅडमिन झालेला. त्याचा नियम कडक. सुप्रभात बंद, फॉरवर्ड बंद, राजकारण तर बंदच बंद. ज्याने त्याने स्वतःच्या हाताने काढलेला, स्वतःच्या रोजच्या जगण्यातला फोटो टाकायचा. "साठीला टेकलो आपण. निदान एकमेकांची घरंदारं तरी दिसू द्या," असं त्याने लिहिलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरंदारं दिसायला लागली आणि तिथेच घोळ झाला.

कारण मी फोटोत काय दाखवतोय ते बघायची आमच्यातल्या एकाचीही तयारी नाही. अमळनेरच्या माणसाला तुम्ही ताजमहालापुढे उभं राहून काढलेला फोटो दाखवा; तो विचारणार, मागच्या रिक्षात बसलाय तो पारोळ्याचा कापडवाला तर नाही ना? या खात्याचा प्रमुख आमचा टीसी. भुसावळ डिव्हिजनला जन्म काढून निवृत्त झाला, पण नजर अजून ड्यूटीवर आहे. फोटो आला की तो आधी दोन बोटांनी मोठा करतो, चारी कोपरे तपासतो आणि मग अहिराणीत आपलं ठरलेलं वाक्य टाकतो: "फोटो भारी शे, पन मांगे काय शे?" म्हणजे फोटो छान आहे, पण मागे काय आहे?

पहिला दणका बिबड्यांना, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांना, बसला. चैत्र लागला की आमच्याकडे गच्च्या बायकांच्या ताब्यात जातात. ज्वारी भिजत घालायची, दळायची, तिखट-मीठ-लसूण-तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत ओल्या हाताने कापडावर थापत सुटायचं. त्या दिवशी बायको आणि गल्लीतल्या चौघीजणी पहाटेपासून लागल्या होत्या. मी वाटीभर गरम घाटा तेल घालून खाल्ला आणि कर्तव्य म्हणून फोटो काढला. गुलाबी धोतर पसरलेलं, त्यावर ओळीने मांडलेले गोल गोल बिबडे, कडेला बायकोचा पिठाने माखलेला हात. काय फोटो होता! जुन्या धोतराची वीणसुद्धा दिसत होती.

टीसीने मोठा केला. वरच्या उजव्या कोपऱ्यात, टाकीला टेकवलेली शिडी होती.

"ती मन्ही शिडी शे ना?" मास्तरने विचारलं. नियम करणाऱ्यानेच.

आता शिडीचा प्रवास सांगायचा म्हणजे वंशावळ सांगावी लागते. मास्तरने ती दिवाळीच्या रंगकामाला चुलतभावाला दिली होती. चुलतभावाकडून ती आमच्या शेजाऱ्याने नेली आणि शेजाऱ्याची गच्ची पत्र्याची म्हणून ती आमच्या गच्चीवर मुक्कामाला आली. आमच्या आळीत वस्तू कुणाची हे कुणी विचारत नाही, सध्या कुणाकडे आहे एवढंच विचारतात. पण फोटोत आलेली शिडी म्हणजे पुरावा! संध्याकाळपर्यंत शिडीवर पन्नासेक मेसेज पडले. तिचा खालून तिसरा दांडा कुणी मोडला, यावर तर दोन तट झाले. रात्री बायकोने भाकरी वाढता वाढता विचारलं, "मंग? बिबडासले काय म्हनतस तुमना दोस्त?"

मी म्हणालो, "सगळ्यांना आवडले." दुसरं काय म्हणणार? गरम भाकरी अजून तिच्या हातात होती.

थंडीत तर जीव मुठीत धरून जगावं लागतं, कारण थंडी म्हणजे भरीत. खानदेशात भरिताची पार्टी लग्नापेक्षा अवघड. लग्नाला बोलवायचं राहून गेलं तर माणूस दोन वर्षं बोलत नाही, भरिताला राहून गेलं तर पुढची पिढीही बोलत नाही. आणि भरीत काही चोरून खायची वस्तू नव्हे. बामणोदची हिरवट-पांढरी थोरली वांगी शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजायला टाकली की धूर तीन बांध ओलांडून जातो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं. आमचा सुरतवाला तेव्हा म्हणाला होता, "मानांकन द्या रे कोनले बी, मले पार्सल द्या."

हा सुरतवाला म्हणजे टीसीचा सख्खा मेहुणा. आमच्याच वर्गातला, तिकडे कापडाच्या धंद्यात शिरला तो शिरलाच. ताप्तीलाइनची गाडी त्याच्या आणि आमच्या दाराशी थांबते, पण तो येतो फक्त लग्नाला आणि मयतीला. एरवी तो ग्रुपवरच जेवतो. भरिताचा फोटो पडला की पहिला त्याचा निरोप येतो, "वास सुरतलोंग उना रे भो!"

तर आम्ही काही जण एकदा बँकवाल्याच्या मळ्यात गुपचूप जमलो होतो. ठरलं होतं, फोटो टाकायचा नाही. पण लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची धार, शेजारी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्यांचा ढीग... डॉक्टरचा हात आवरला नाही. तो हुशार, त्याने एकही माणूस फोटोत घेतला नाही. नुसतं भरीत. केळीच्या पानावर.

पाचव्या मिनिटाला टीसी हजर. "पाने सात शेतस. चपला पाच जोडी. दोन जन अनवानी उनात का?" (उनात म्हणजे आलात.)

मळ्याच्या झोपडीबाहेरच्या चपला फोटोच्या तळाशी आल्या होत्या हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मग चपलांची ओळखपरेड झाली. माझी ओळखली गेली, कारण डाव्या चपलेचा अंगठा मी लाल सुतळीने बांधला होता. बँकवाल्याची ब्रँडवरून. राहिलेले दोन बूट घालून बसले होते, आणि भरीत खाताना बूट न काढणारी माणसं आमच्या बॅचमध्ये दोनच आहेत, असं टीसीने तर्काने सिद्ध केलं. सात जणांची यादी त्याने रीतसर ग्रुपवर लावली. ज्यांची नावं यादीत नव्हती, त्यांचे मग एकेक करून फोन. "आमले काबर बलावं नही?" याला उत्तर नसतं. पुढच्या आठवड्यात दुसरी पार्टी द्यावी लागली, सगळ्यांना धरून, आणि वांग्यांचा भाव नेमका तेव्हाच वाढला होता.

मे महिन्यात मात्र आमचा ग्रुप सभ्य असतो. कारण तेव्हा घराबाहेर पडून फोटो काढणार कोण! जो तो मोबाइलवर दिसणारं तापमान टाकतो. स्क्रीनशॉट नियमात बसत नाही (स्वतःच्या हाताने काढलेला पाहिजे), म्हणून बायकोच्या मोबाइलने आपल्या मोबाइलचा फोटो काढायचा. जळगाव ४४, भुसावळ ४५. भुसावळवाल्याला एका अंशाचाही कोण अभिमान! टीसी अशा फोटोतही रिकाम्या हाती परत जात नाही. "बॅटरी ४ टक्का. लाइट गयी का?"

श्रावणात परत संकट. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी, नथ, डोळे, अंगभर दागिने, रात्रभर जागरण. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. नैवेद्याच्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजायचे, म्हणजे सगळी भाऊबंदकी एका छपराखाली आलीच पाहिजे. आली. मी देवीसह सगळ्यांचा फोटो टाकला. लोकांनी आधी हात जोडले, हे कबूल करायला हवं. मग टीसीने माणसं मोजली.

"धाकला जिभाऊ दिसत नही."

आता आली का पंचाईत? धाकटा भाऊ फोटोत नाही, म्हणजे बांधावरून पुन्हा वाजलं, असा गावभर अर्थ होणार. मी घाईघाईने लिहिलं, "तोच तर फोटो काढतोय!" लगेच मास्तर उगवला. म्हणजे फोटो तू स्वतःच्या हाताने काढलेला नाहीस. भाऊबंदकी चव्हाट्यावर आणायची की नियमभंग पत्करायचा, एवढंच माझ्या हातात उरलं. मी नियमभंग पत्करला. मास्तरने त्याची शिक्षा म्हणून मला अंगणातल्या तुळशीचा फोटो टाकायला लावला. धाकटा त्या रात्री खरंच कुठे होता, ते कानबाईला ठाऊक.

पूर्वी हे इतकं नव्हतं. व्हॉट्सअॅप फोटो दाबून-चेपून पाठवायचं. मोठा करायला गेलं की नुसते चौकोन दिसायचे आणि त्या चौकोनांमागे अनेक संसार सुखाने नांदत होते. २०२३ मध्ये एचडीत पाठवायची सोय आली. आता कपाटाच्या काचेआडच्या बाटलीवरचं लेबल वाचता येतं. आमच्या बँकवाल्याने 'कंबर धरलीय' सांगून डॉक्टरच्या मुलाचा धुळ्यातला साखरपुडा चुकवला होता. त्याच वेळी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चाललं होतं. तिसऱ्याच कुणीतरी ग्रंथप्रदर्शनाचा फोटो टाकला, तोही एचडीत. त्यात मागे आमचा बँकवाला पुस्तकांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन ताठ उभा! डॉक्टरने खाली एवढंच लिहिलं, "कंबर कोन्या डॉक्टरनी बरी करी?"

पाठवलेला फोटो सगळ्यांकडून पुसता येतो म्हणतात. येतो की. पण 'हा मेसेज हटवला गेला' हे दिसलं की न बघितलेल्यांची उत्सुकता चाळवते, आणि बघितलेल्यांपैकी एकाने तरी स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असतोच. बँकवाल्याची कंबर आजही ग्रुपच्या आयकॉनवर आहे.

अशा वेळी मला केकी मूस आठवतात. चाळीसगावचे हे फोटोग्राफर (१९१२–१९८९) रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात वर्षानुवर्षं राहिले, घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून ते अख्खा देखावा उभा करायचे आणि त्याचा फोटो काढायचे. टेबल टॉप फोटोग्राफी म्हणतात तिला, आणि त्यात त्यांनी देशोदेशीची बक्षिसं मिळवली. त्यांचा बंगला आता संग्रहालय आहे. मी तिथे जाऊन ते फोटो बघितले आणि डोक्यात प्रकाश पडला. या माणसाच्या फोटोत मागे काय आहे, हे त्याने स्वतः ठरवलेलं होतं! शिडी नाही, चपला नाहीत, धाकटा जिभाऊ नाही.

घरी येऊन मी टेबल भिंतीला लावलं. मागे धुतलेली पांढरी चादर टांगली. टेबलावर रावेरच्या केळ्यांची फणी, फौजदारी डाळीची वाटी, दोन कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि जुना पितळी तांब्या. तांब्या मी स्वतः चिंच लावून घासला. त्याशिवाय बायको तो द्यायलाच तयार नव्हती. खिडकीचं एक दार लोटून उजेड तिरका घेतला. केकी मूस असते तर केळ्यांची फणी जरा डावीकडे घेतली असती, पण एकूण जमलं होतं. एचडीत टाकला. आव्हान म्हणूनच टाकला. बघ म्हटलं टीसी, काय बघायचं ते.

अर्धा तास शांतता. डाळ निवली. मी भाकरीचा तुकडा मोडणार, एवढ्यात मोबाइल वाजला.

"तांब्यामा देखा."

सगळ्या बॅचने तांब्यात बघितलं. पितळ असं लखलखत होतं की त्यात अख्खी खोली उतरली होती. मधोमध मी, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, तांब्याच्या फुगवट्यामुळे होतो त्याच्या दुप्पट. माझ्या मागे दारात बायको, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात लाटणं. ते लाटणं पोळ्यांसाठी होतं, हे मी आजवर अनेकांना वैयक्तिक फोन करून सांगितलं आहे.

यावर उपाय एकच होता आणि तो मास्तरलाच सुचला. त्याने जाहीर केलं की टीसीने आजवर स्वतःचा एकही फोटो टाकलेला नाही. रविवारपर्यंत टाकला नाही तर ग्रुपमधून बाहेर. शनिवारी रात्री टीसीचा फोटो आला. मानलं पाहिजे. नुसती भिंत! हॉलची, पिवळसर डिस्टेंपरची, कोरी भिंत. खाली लिहिलं होतं, "मांगे काहीच नही."

आम्ही सगळे तुटून पडलो. डॉक्टरने मोठा केला, बँकवाल्याने उजेड वाढवला, मी चष्मा बदलला. काहीच नाही. शेवटी सुरतहून निरोप आला. भिंतीच्या मध्यावर एक खिळा होता आणि खिळ्याखाली डिस्टेंपरचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा गडद, न उडालेल्या रंगाचा.

"दाजी," सुरतवाल्याने विचारलं होतं, "तठे आमना बाबाना फोटो व्हता. तो कोठे गया?"

काल रात्रीपासून टीसीच्या नावाखाली मधूनमधून 'टायपिंग' दिसतंय.