'त्यांची' मुलं

काल पॉटलकमध्ये एक काका मला म्हणाले, "अगं त्यांची मुलं, त्यांचं कोर्ट, आपण कशाला मधे पडायचं?" आणि आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. तेव्हा गप्प बसले, पण डोक्यातून जात नाहीये.

'त्यांची' म्हणजे कोणाची हो? तुमच्या पोरांच्या वर्गातच बसतात ना ती?

मी इथे अमेरिकेत कासा (CASA, म्हणजे कोर्टात मुलाच्या बाजूने बोलणारी) व्हॉलंटियर आहे. मारहाण, हेळसांड झालेल्या मुलांची केस कोर्टात आली की जज त्या मुलासाठी माझ्यासारखं साधं माणूस नेमतात. वकील असायची गरज नाही, बॅकग्राउंड चेक आणि साधारण 30 तासांचं ट्रेनिंग. 1977 मध्ये सिअ‍ॅटलच्या जज डेव्हिड सूकपनी हे सुरू केलं, कारण मुलाच्या आयुष्याचा निकाल द्यायचा आणि त्याच्याबद्दल धड माहितीच नाही, हे त्यांना सहन होईना.

माझ्याकडच्या मुलाच्या (नाव-गाव सांगता येत नाही) फाइलमध्ये होतं, 'वाचनात मागे, वर्गात लक्ष नाही'. मी भेटायला गेले तर पोरगं पुस्तक अगदी नाकाला लावून बसलेलं. चष्मा आधीच्या फॉस्टर घरी (आईबापापासून दूर, तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे) राहिला होता. मधे घर बदललं, केसवर्कर (मुलाची केस सांभाळणारी कर्मचारी) बदलली, नव्या घरी कोणाला माहीतच नाही की याला चष्मा आहे!! आणि शिक्का कोणावर, तर पोरावर. मी रिपोर्टमध्ये लिहिलं आणि सुनावणीत जजनी पहिलं तेच विचारलं, चष्मा मिळाला का.

केसवर्करना मी नावं ठेवत नाही, त्यांच्या डोक्यावर केसेसचा ढीग असतो, मला एकच मूल बघायचं असतं, फरक एवढाच आहे.

हो, आपल्यासारख्या खाऊनपिऊन सुखी लोकांना गरिबी दिसली की लगेच आईबापच वाईट वाटतात आणि असला रिपोर्ट एखादं घर तोडू शकतो, हे मान्य. पण मूल सुरक्षित राहणार असेल तर त्याला परत आईबापाकडेच पाठवायचं, हाच तर पहिला प्रयत्न असतो.

आणि चष्म्याचं मला सांगितलं कोणी, तर त्याच्या आईनेच. देखरेखीखालच्या भेटीत ती प्रत्येक वेळी विचारत होती, याचा चष्मा कुठाय म्हणून. कोणी लिहूनच घेतलं नव्हतं. 'तसली' आई ना ती. मी पण तिला भेटायच्या आधी फाइलच वाचली होती, पण तिच्याशेजारी बसले तर ती त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण चाचपत होती, कोणाकडे सुई मिळेल का विचारत होती.

ट्रेनिंगची नवी बॅच सुरू होतेय, नोकरी सांभाळून जमतं. महिन्यातून एकदा तरी मुलाला भेटायचं, शाळेत-डॉक्टरकडे चौकशी करायची, कोर्टाच्या तारखांना हजर राहायचं, आणि मुख्य म्हणजे केस मिटेपर्यंत सोडून जायचं नाही, वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, तेवढी तयारी असेल तरच इनबॉक्स करा.